घोड्याच्या चालीने

बोटीच्या मालकाने पाऊण तास शिकवलं आणि अठरा मीटर लांबीची पोलादी बोट आमच्या हवाली करून तो चहा प्यायला निघून गेला. परवाना विचारला नाही, परीक्षा घेतली नाही. स्कूटर चालवायला लायसन्स लागतं, पण इथे पंधरा-वीस टनांचं धूड कोणालाही भाड्याने मिळतं. मुंबईहून मी आणि माझी बायको, आणि नँटविचला राहणारी माझी मावसबहीण सुमाताई व तिचे यजमान, असे आम्ही चौघं. भावोजींनी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलं आहे. त्यांनी सुकाणूचा दांडा हातात घेतला, डावीकडे वळायचं म्हणून डावीकडे ढकलला, आणि बोट शांतपणे उजव्या काठावरच्या झुडपात शिरली.

पहिला धडा मिळाला तो असा. दांडा जिकडे ढकलाल त्याच्या उलट दिशेला बोटीचं नाक वळतं, आणि तेही लगेच नाही. आपण दांडा ढकलतो, काही घडत नाही, म्हणून आणखी ढकलतो, आणि मग दोन्ही ढकलण्यांचा हिशेब एकदम चुकता होतो. शिवाय बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही, पोटाच्या मध्याभोवती फिरते. नाक डावीकडे निघालं की शेपूट उजवीकडे जातं. शेजारी नांगरलेल्या बोटीतला म्हातारा हातातला पेला न हलवता आमच्याकडे बघत होता. अशी शेपटं त्याने बरीच पाहिली असावीत.

आम्ही इंग्लंडमधल्या एल्समिअरहून वेल्समधल्या लँगॉलेनला निघालो होतो. अंतर सुमारे 30 किलोमीटर. मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. आम्ही दोन दिवस धरले होते. (वेल्श भाषेतला तो जोडलेला 'ल' म्हणायचा तर जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. आपल्या 'ळ'पुढे उत्तर भारतीयांची जी पंचाईत होते, ती इथे आपली होते. म्हणून 'लँगॉलेन' लिहून मोकळं व्हावं.)

या कालव्यांवर वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आत आहे. प्रत्यक्षात पाच किलोमीटर गाठले तरी खूप. काठाने चालणारी माणसं आपल्याला मागे टाकतात, कुत्रा घेऊन निघालेली बाई तर दोनदा टाकते. भावोजींना हे काही पटेना. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला. आवाज वाढला, धूर वाढला, बोटीचा मागचा भाग पाण्यात खाली बसला, मागून उठलेली लाट काठावर आपटून फुटायला लागली, आणि वेग होता तेवढाच राहिला.

असं का होतं, हे कळलं की कालवा कळतो. कालवा अरुंद आणि उथळ असतो. बोट पुढे सरकते तेव्हा तिने बाजूला सारलेलं पाणी तिच्या दोन्ही अंगांनी आणि पोटाखालून मागे जायला हवं. जागाच थोडी असल्यामुळे ते ठराविक वेगानेच जाऊ शकतं. त्याहून जास्त घाई केली तर बोट आपल्याच मागे खड्डा खणते आणि त्यात बसते. फुटलेली लाट काठाची माती खाते, माती तळाशी जाते, तळ आणखी उथळ होतो, आणि पुढच्या बोटीला जागा आणखी कमी उरते. म्हणजे इथला संथपणा निवांत सुटीसाठी कोणी ठरवून आणलेला नाही. पाणी आणि माती यांनी तो ठरवला आहे, आणि घोड्याने. कारण हा कालवा खणला गेला तेव्हा बोट ओढणारं इंजिन म्हणजे काठावरून चालणारा घोडा होता.

आज सगळ्यात हळू वाटणारा हा मार्ग त्या काळी क्रांतिकारक होता, हे ध्यानात धरावं लागतं. अठराव्या शतकातले इंग्लंडचे रस्ते पावसाळ्यात चिखलाचे ओढे होत. एका घोड्याला गाडीतून ओढता येई दोनेक टन माल. तोच घोडा पाण्यावरच्या बोटीतून पंचवीस-तीस टन ओढत असे. सुरुवातीला फक्त नेटाने अंग पुढे टाकायचं, दोर ताणून धरायचा. एकदा बोट हलली की पाण्यावर ती जवळजवळ स्वतःच घसरत जाते. 1761 मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकचा कालवा वर्स्लीच्या खाणींतून मँचेस्टरपर्यंत कोळसा न्यायला लागला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग कालव्यांचं वेडच लागलं. 1790 च्या दशकात ज्याच्याकडे चार पैसे होते तो कुठल्या ना कुठल्या कालव्याचे शेअर घेत होता. त्यांतले कित्येक कालवे कागदावरच राहिले.

एल्समिअरचा हा कालवा त्यातलाच, अर्धवट राहिलेला. मर्सी आणि सेव्हर्न या दोन नद्या जोडायच्या, वाटेत रुआबॉनच्या कोळसा-लोखंडाच्या प्रदेशातून जायचं, असा मूळचा बेत. उत्तरेकडचा मधला तुकडा कधी झालाच नाही. मर्सीच्या काठावरच्या टोकाला मात्र एल्समिअर पोर्ट हे नाव कायमचं चिकटलं.

या बोटींना नॅरोबोट म्हणतात, आणि नाव सार्थ आहे. रुंदी जेमतेम सात फूट, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. मुंबईच्या चाळीतला व्हरांडा पाण्यावर सोडला तर असाच दिसेल. एका टोकाला झोपायची जागा, मग मोरी, मग ओटा, मग बसायची बाकं, सगळं आगगाडीच्या डब्यासारखं एकामागोमाग. ओट्यावर भाजी परतणाऱ्याने पोट आत घेतल्याशिवाय दुसऱ्याला पलीकडे जाता येत नाही. ही रुंदी आली जेम्स ब्रिंडली या अभियंत्याकडून. ट्रेंट आणि मर्सी जोडणाऱ्या कालव्यावर त्याने जलपाश, म्हणजे लॉक, अरुंद ठेवले. पाणी वाचावं, खर्च वाचावा हा हिशेब. मग त्या लॉकमध्ये मावेल तेवढीच बोट. मालवाहू बोटींवर नंतरच्या काळात कुटुंबंच्या कुटुंबं राहिली, तीही मागच्या टोकाच्या तीन मीटरच्या खोलीत. कारण उरलेली सगळी लांबी कोळशाची किंवा धान्याची. त्या खोलीच्या दारांवर आणि पाण्याच्या डब्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवायची पद्धत होती. आजच्या सुटीच्या बोटींवरही ते गुलाब असतात. मूळची कुटुंबं त्या गुलाबांसह दहा बाय सात फुटांच्या जागेत राहत होती, हे मात्र रंगात दिसत नाही.

न्यू मार्टन इथे आम्हाला दोन लॉक लागले. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट, असं शाळेत सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण लिफ्टला वीज लागते, इथे काहीच लागत नाही. चिरेबंदी हौद, दोन्ही टोकांना ओकच्या लाकडाची दारं. खालच्या टोकाची दोन झडपं मिटतात ती सरळ रेषेत नाही, तर नमस्काराचे हात थोडे पुढे काढावेत तशी, वरच्या पाण्याकडे टोक करून. त्यामुळे पाणी जितकं जास्त दाबेल तितकी ती घट्ट मिटतात. बोट खालून आत आली, मागची झडपं लावली, की वरच्या दाराजवळची खिडकी लोखंडी हँडलने फिरवून उघडायची. वरचं पाणी हौदात येतं, बोट उचलली जाते, दोन्हीकडची पातळी एक झाली की दार पाठीने रेटून उघडायचं. पातळी एक व्हायच्या आधी पहिलवान आला तरी दार हलत नाही, आणि एक झाल्यावर सुमाताईने ते सहज उघडलं. अवघं दीडशे-पावणेदोनशे सेंटिमीटर उंचीचं माणूस टनभराचं दार रेटतं, तेव्हा त्याला स्वतःचं कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

दर खेपेला लाखभर लिटरहून जास्त पाणी वरून खाली जातं. ते परत येत नाही. प्रत्येक बोट कालव्याच्या माथ्यावरून एक हौद पाणी खाली ओतून जाते, म्हणून कालवा खणणाऱ्यांची खरी चिंता मालाची नसते, माथ्यावर पाणी कुठून आणायचं याची असते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

चर्कला आम्ही वेल्समध्ये शिरलो तेही हवेतून. 1801 मध्ये पुरा झालेला दहा कमानींचा जलसेतू केरिऑग नदीच्या खोऱ्यावरून 21 मीटर उंचीने कालवा नेतो. त्याला अगदी लागून रेल्वेचा पूल उभा आहे, 1848 चा, आणि तो मुद्दाम केल्यासारखा आणखी उंच आहे. कालव्यांचं पुढे काय झालं याचं चित्र एका नजरेत हवं असेल तर ते इथे मिळतं. पूल संपतो तिथेच 420 मीटरचा बोगदा सुरू होतो. आत एका वेळी एकच बोट. पलीकडच्या टोकाला दिवा दिसला तर बाहेर थांबायचं. आमच्यापुढे दिवा नव्हता, पण बोगद्यात समोरून पाणी वाहत होतं आणि आमची बोट जणू विचार करत करत पुढे सरकत होती.

कालव्याला प्रवाह? कालव्याचं पाणी तर साचलेलं असतं. बहुतेक कालव्यांचं असतंच. याचं नसतं.

त्याचं उत्तर येण्याआधी पाँटकसुल्तेचा जलसेतू येतो, आणि तिथे दुसरं काही सुचत नाही. डी नदीचं खोरं ओलांडायला विल्यम जेसप आणि टॉमस टेलफर्ड या अभियंत्यांसमोर पहिला बेत होता तो दोन्ही बाजूंनी लॉकच्या पायऱ्या उतरून खालून बेताचा पूल बांधायचा. त्यात पाणी आणि वेळ दोन्ही वाया. 1795 मध्ये त्यांनी तो सोडून दिला आणि लोखंडाची पन्हळ उंचावर न्यायची ठरवली. दगडी पूल इतक्या उंचीवर न्यायचा तर त्यात आधी चिखलाचं जाड अस्तर हवं, आणि ते पेलायला अवाढव्य खांब. ओतीव लोखंडाच्या पन्हळीला अस्तर लागत नाही. मग खांब सडपातळ झाले, आणि ठराविक उंचीच्या वर आतून पोकळही. अठरा खांब, एकोणीस कमानी, 307 मीटर लांबी, नदीपासून 38 मीटर उंची. आपल्याकडच्या बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून बोट न्यायची. चुन्याच्या गिलाव्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं, पत्र्यांचे सांधे वेल्श फ्लॅनेलच्या पट्ट्या आणि शिसं घालून बुजवले होते. 26 नोव्हेंबर 1805 ला तो खुला झाला. पुढे टेलफर्डने आत्मवृत्तात जेसपच्या वाट्याला फारसं काही ठेवलं नाही, आणि पर्यटकांच्या पाट्यांवरही बराच काळ टेलफर्डच मोठा राहिला. मेंढपाळाच्या घरात जन्मून पाथरवटाचं काम शिकत वर आलेल्या माणसाला श्रेयाची भूक असणं समजू शकतं. तरी मुख्य अभियंता जेसप होता, हे सांगायला हवं.

पन्हळीच्या एका बाजूला घोड्यांसाठी पायवाट आणि तिला कठडा. दुसऱ्या बाजूला कठडा नाही. पाण्यापासून जेमतेम वीतभर वर लोखंडाची कड, आणि त्यापलीकडे सरळ हवा. बोटीत उभं राहून त्या बाजूला पाहिलं की कड दिसतच नाही. बोट झाडांच्या शेंड्यांवरून तरंगत चालली आहे असंच वाटतं. माझी बायको आत जाऊन ओट्यापाशी बसली आणि 'संपला की सांगा' म्हणाली.

भावोजींच्या मनात मात्र हिशेब चालला होता. "आधीच यात पंधरा लाख लिटर पाणी म्हणतात. त्यात आपली वीस टनांची बोट. आणि मागून दुसरी येतेय. वजन वाढलं की नाही?" नाही वाढलं. आर्किमिडीज आंघोळीच्या हौदातून उठून धावला ती गोष्ट आपण सगळ्यांनी पाठ केली आहे, पण तिचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारते. वीस टनांची बोट पन्हळीत शिरली तेव्हा वीस टन पाणी पन्हळीतून मागे-पुढे लांबच्या कालव्यात निघून गेलं. खांबांवरचा भार होता तेवढाच. बोट असो, नसो, एक असो की चार, पुलाला कळतसुद्धा नाही. भावोजी थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे जमा तेवढाच खर्च." याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

पूल ओलांडला की ट्रेव्हरचा धक्का येतो आणि सरळ जाणारा कालवा तिथेच संपतो. पुढे चेस्टरकडे जायचा तुकडा कधी झालाच नाही, आणि ज्या उत्तरेकडच्या डोंगरांतून माथ्यासाठी पाणी येणार होतं तो मार्गही त्याबरोबर गेला. जगातला इतका देखणा पूल बांधून झाला आणि कालव्याला पाणीच नाही. म्हणून डावीकडे एक पाट खणला, डोंगराच्या कुशीने, लँगॉलेनच्याही पुढे, डी नदीपर्यंत. तिथे टेलफर्डने घोड्याच्या नालासारखा वळसा असलेला बुटका बंधारा घालून नदीचं पाणी पाटात वळवलं. 1808 ला तो पुरा झाला. पर्यटक ज्या रमणीय भागासाठी येतात तो मुळात पुरवठ्याचा पाट आहे. म्हणून तो इतका अरुंद, काही ठिकाणी खडक फोडून नेलेला, की दोन बोटी समोरासमोर येऊ शकत नाहीत. एकाने उतरून पुढे चालत जायचं आणि मोकळं असेल तर हात करायचा. ते काम माझ्याकडे आलं.

आपल्याला कालवा म्हटलं की शेतीचं पाणी आठवतं. मुठा कालवा, नीरेचा कालवा, पाटाच्या पाण्याची पाळी. त्यावर बोट ही कल्पनाच चमत्कारिक. पण हिंदुस्थानात दोन्ही एकत्र करायचा प्रयत्न झाला होता. प्रोबी कॉटली याने बांधलेला गंगेचा कालवा 1854 मध्ये खुला झाला, तो शेतीसाठी आणि नौकांसाठीही होता. रुरकीजवळ सोलानी नदीवरून तोही जलसेतूने जातो, हरिद्वारच्या वाटेवर अनेक मराठी यात्रेकरूंनी तो न कळत ओलांडला असेल. अडचण अशी की शेतीला वाहतं पाणी हवं आणि बोटीला उभं. तिकडे अखेर शेती जिंकली. इथे लँगॉलेनला उलटंच झालं: बोटींसाठी आणलेलं पाणी बोटींना पुरून उरलं.

त्या उरलेल्या पाण्यानेच कालवा वाचवला. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, कालवे रेल्वे कंपन्यांनीच विकत घेतले, माल घटत गेला. 1944 मध्ये कायदा करून या कालव्यावरची नौवहनाची जबाबदारीच काढून टाकली. असे टाकलेले कालवे पुढे सहसा बुजवले जात, त्यांच्यावर रस्ते होत. याला बुजवता आलं नाही, कारण हेच पाणी पलीकडच्या टोकाला, हर्लस्टनच्या जलाशयात, पिण्यासाठी घेतलं जातं. रोज सुमारे साडेपाच कोटी लिटर. बोगद्यात आमच्या अंगावर येत होतं ते हेच. कालवा नकाशावर मेला आणि नळाची वाहिनी म्हणून जगला. त्या जगण्यालाही धोके होतेच. 7 सप्टेंबर 1945 च्या पहाटे लँगॉलेनजवळ सन बँक इथे काठ फुटला, पाण्याने खालच्या रेल्वेचा भराव वाहून नेला, आणि टपाल व माल घेऊन येणारी गाडी त्या खड्ड्यात कोसळली. चालक ठार झाला. आज तिथून जाताना काठावर नुसतं हिरवं गवत दिसतं.

त्याच सुमारास टॉम रोल्ट नावाचा एक अभियंता 'क्रेसी' या आपल्या जुन्या बोटीवर राहून या कालव्यांतून फिरत होता. 1944 ला आलेलं त्याचं 'नॅरो बोट' हे पुस्तक लोकांनी युद्धाच्या दिवसांत वाचलं, आणि 1946 मध्ये त्याच्या पुढाकाराने कालवे वाचवण्यासाठी संस्था उभी राहिली. मालवाहतूक मात्र वाचली नाही. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि उरलेसुरले व्यापारीही लॉरीकडे वळले. राहिल्या त्या सुटीच्या बोटी. केरळात भाताच्या गोण्या वाहणाऱ्या केट्टुवळ्ळम् नौकांच्या पुढे हाउसबोटी झाल्या, तसंच. फरक एवढाच, की तिकडे नावाडी आणि आचारी सोबत येतात, इथे चुकाही आपल्या आपणच करायच्या. 2009 पासून हा 18 किलोमीटरचा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

लँगॉलेनला इंजिनाची बोट थांबते. त्यापुढे पाट इतका अरुंद आणि उथळ आहे की इंजिनाच्या बोटींना मनाईच आहे. पण 1884 पासून इथे धक्क्यावरून पर्यटकांना घोड्याच्या बोटीतून फिरवतात, आणि त्या अजून चालतात. आम्ही चौघं तिकीट काढून बाकावर बसलो. घोडा निघाला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. दोन दिवस पायाखाली इंजिनाची धडधड होती, ती गेल्यावर पाणी ऐकू यायला लागलं. एका पुलाखालून जाताना कमानीच्या कडेला बोटभर खोल खाचा दिसल्या. ओल्या, वाळू चिकटलेल्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून त्या पाडल्या आहेत. कोकणातल्या आमच्या आडाच्या कठड्यावर अशाच आहेत, पोहऱ्याच्या दोराच्या.

उरलेला टप्पा काठाने चालत बंधाऱ्यापर्यंत गेलो. नदी अर्धवर्तुळात पसरून एका समतल कडेवरून पातळसर खाली पडते, आणि बाजूला, कोणाचं लक्षही जाणार नाही असं, थोडं पाणी पाटात शिरतं. पाटाच्या तोंडाशी छोटंसं घर आहे. आत जाणारं पाणी तिथे मोजलं जातं. सुमाताईने पाटी वाचली, हर्लस्टनचं नाव पाहिलं आणि मागे वळली. हर्लस्टन तिच्या घरापासून तीनेक किलोमीटरवर आहे.

"नऊ वर्षं चहाचं आधण याच पाण्याचं ठेवतेय मी," ती म्हणाली.

भावोजी खिशातून भ्रमणध्वनी काढून साडेपाच कोटीला घरातल्या माणसांनी भागायला लागले.